दुर्मीळ? कुठे दुर्मीळ?

दोन मासे घ्या. पहिला पेपरमिंट एंजल. जेमतेम बोटभर लांब, लालभडक अंगावर पांढरे उभे पट्टे, थेट पेपरमिंटच्या गोळीसारखा. पॅसिफिकमधल्या कुक बेटांपैकी रारोटोंगाजवळ राहतो. त्याला शास्त्रीय नाव मिळालं १९९२ मध्ये, आणि तेव्हापासून काचेमागे पोचलेले पेपरमिंट अगदीच थोडे आहेत. होनोलुलूच्या वायकीकी मत्स्यालयाने २०१२ मध्ये एक लोकांसाठी ठेवला, त्याची जगभरच्या हौशी मंडळींत चर्चा झाली.

दुसरा बंगाई कार्डिनल. चंदेरी अंग, त्यावर काळे पट्टे, लांब काळ्या पंखांवर पांढरे ठिपके. समुद्री मासे विकणाऱ्या बहुतेक दुकानांत दिसतो, स्वस्त असतो, आणि "पहिलीच टाकी ना? मग हे घ्या" असं म्हणत गळ्यात मारला जातो.

यातला दुर्मीळ कुठला? दुकानदार पहिल्याकडे बोट दाखवेल. धोक्यातल्या जीवांची जगभर मानली जाणारी आययूसीएनची लाल यादी दाखवेल दुसऱ्याकडे. बंगाई कार्डिनल २००७ पासून त्या यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. पेपरमिंटची नोंद मात्र सध्या चिंता नसलेल्यांत आहे.

दोघांपैकी कुणी खोटं बोलत नाही. शब्द एक, पण मोजल्या जाणाऱ्या गोष्टी दोन. समुद्रात तो जीव किती आहे, ही एक. समुद्रापासून तुमच्या काचेपर्यंतचा त्याचा रस्ता किती बिकट आहे, ही दुसरी. रीफ टँक, म्हणजे समुद्री मासे आणि प्रवाळ पाळायची टाकी, ठेवणाऱ्या हौशी लोकांत 'रेअर' हा शब्द उठताबसता येतो, आणि बहुतेक वेळा त्यांना म्हणायचा असतो तो रस्ता.

पेपरमिंटचाच रस्ता बघू. तो राहतो पन्नासपासून शंभराहून अधिक मीटर खोलीवर. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे शंभर मीटरवर तो पृष्ठभागाच्या अकरापट. तिथे नेहमीच्या हवेची टाकी घेऊन उतरता येत नाही. हेलियम मिसळलेला वायू लागतो, सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणारं यंत्र लागतं, आणि तळाशी काढलेल्या थोड्याशा मिनिटांची किंमत वर येताना टप्प्याटप्प्यावर तासन्‌तास थांबून चुकवावी लागते. माशाचंही तेच. त्याच्या पोटात हवेची पिशवी असते. झटकन वर आणला तर ती फुगते आणि आतले अवयव दाबून टाकते, म्हणून त्याला हळूहळू वर आणावं लागतं किंवा बारीक सुईने त्या पिशवीतली हवा काढावी लागते. हे सगळं एवढ्याशा माशासाठी. त्याचा भाव हजारो डॉलरांत जातो तेव्हा त्यात मोजले जातात पाणबुड्याचे तास आणि त्याने घेतलेली जोखीम.

रस्ता अडवायला खोलीच लागते असंही नाही. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि बाजारात पापलेटचा भाव चढतो. म्हणून पापलेट दुर्मीळ झालं असं कोळीवाड्यातलं कुणी म्हणणार नाही. होड्या किनाऱ्यावर आहेत एवढंच. हवाईच्या यलो टँगचं नेमकं हेच झालं. लिंबासारखा पिवळाधमक हा मासा हवाई बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर ढिगाने आहे. तिथून मत्स्यालयांसाठी पकडल्या जाणाऱ्या माशांत बहुतांश तोच असायचा, वर्षाला लाखांत. २०१७ मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास केल्याशिवाय या पकडीचे परवाने देता येणार नाहीत. २०२१ च्या सुरुवातीला उरलीसुरली पकडही बंद झाली आणि किंमत कित्येक पटींनी वाढली. समुद्रातले टँग मात्र होते तिथेच चरत होते. आधी ज्याला 'सगळ्यांकडे असतोच की' म्हणून नाक मुरडत, तो एका निकालानंतर मिरवण्याचा मासा झाला. २०१५ मध्ये हवाईतल्याच एका संशोधन संस्थेने तो पहिल्यांदा टाकीत वाढवून दाखवला होता. आज बाजारात दिसणाऱ्या यलो टँगपैकी बरेच त्या वाटेने आलेले असतात.

प्रवाळांच्या बाबतीत इंडोनेशियाने असंच केलं. मे २०१८ मध्ये तिथून प्रवाळांची निर्यात थांबली आणि २०२० उजाडेपर्यंत ती रुळावर आली नाही. टॉर्च नावाचा प्रवाळ, लांब बोटांसारखे झुलणारे पॉलिप (प्रवाळाचे एकेक जीव) आणि टोकाला चमकते मणी असलेला, एकेका तोंडाच्या, म्हणजे एकेका पॉलिपच्या हिशेबाने विकला जाऊ लागला. त्या दीड वर्षात टॉर्चच्या जीवशास्त्रात काडीचाही बदल झाला नव्हता.

तिसऱ्या प्रकारचा रस्ता काचेच्या आत सुरू होतो. मूरिश आयडॉल हा काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांचा, पाठीवर लांब शेपटासारखा तुरा असलेला मासा पूर्व आफ्रिकेपासून पार अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत आढळतो. आपल्या लक्षद्वीप-अंदमानातही आहे. पकडायला अवघड नाही, फारसा महागही नाही. पण समुद्रात तो बऱ्याच अंशी स्पंजवर जगतो, टाकीत पुष्कळदा खाणंच सोडतो आणि वाळत जातो. म्हणून कुणाच्या टाकीत चार वर्षांचा मूरिश आयडॉल दिसला तर तो खराखुरा दुर्मीळ नजारा असतो. ही दुर्मिळता माशाची म्हणायची की पाळणाऱ्याच्या कौशल्याची? माझं मत विचाराल तर या छंदात अभिमानाने सांगावी अशी ही एकच.

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. २००४-०५ च्या एका वर्षात अमेरिकेत आयात झालेल्या समुद्री माशांची कागदपत्रं संशोधकांनी तपासली, तेव्हा सुमारे १ कोटी १० लाख मासे आणि १,८०० हून अधिक जाती निघाल्या. त्यात मोठा वाटा मोजक्या जातींचा. उरलेल्या शेकडो जाती वर्षभरात तुरळक संख्येने आल्या. त्यांतल्या किती 'रेअर' म्हणून विकल्या गेल्या असतील? करड्या, मातकट, भांडखोर माशाला कुणी मागणीच करत नाही, म्हणून तो दुकानात दिसत नाही. पण त्याला कुणी दुर्मीळ म्हणत नाही. हवासा वाटणारा जीव मिळेनासा झाला, की मगच या शब्दाला धार येते.

आता समुद्राकडे वळू, कारण तिथेही 'दुर्मीळ' म्हणजे एकच गोष्ट नसते. डेबोरा रॅबिनोविट्झ नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी १९८१ मध्ये यावर फार सुटसुटीत विचार मांडला. त्यांनी तीन प्रश्न विचारले. हा जीव किती मोठ्या प्रदेशात सापडतो? कुठेही राहतो की ठरावीकच जागा लागते? आणि जिथे आहे तिथे भरपूर आहे की विरळ? तिन्हीची उत्तरं दोन-दोन धरली तर आठ जोड्या होतात. मोठा प्रदेश, कुठेही राहणारा, भरपूर: हा सर्वसामान्य. उरलेल्या सातही जोड्या दुर्मीळ, पण प्रत्येक वेगळ्या तऱ्हेने. ही मांडणी वनस्पतींसाठी होती, तरी प्रवाळभित्तीवर ती चपखल बसते.

मेक्सिकोच्या रेव्हिलाहिहेदो बेटांजवळचा क्लॅरियन एंजल बघा. नारिंगी रंगाचा हा मासा जगात जवळजवळ तिथेच मिळतो. प्रदेश इवलासा. पण तिथे गेलात तर महाकाय मांटा रे माशांच्या अंगावरचे परजीवी टिपणारे क्लॅरियन थव्याने दिसतात. म्हणजे जगाच्या नकाशावर दुर्मीळ आणि त्या खडकावर मुबलक. बेटांवरच्या प्रवाळमाशांत हे पुष्कळदा दिसतं. जमिनीवर छोट्या प्रदेशातला जीव बहुधा संख्येनेही कमी असतो, इथे तसा नियम लागू पडत नाही. पण सगळी अंडी एकाच टोपलीत असल्याने एखादं वादळ, एखादा रोग, एखादा उन्हाळा पुरतो. २०१६ मध्ये या माशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटीस या धोक्यातल्या जीवांच्या व्यापाराविषयीच्या जागतिक कराराचं नियंत्रण आलं ते म्हणूनच.

हवाईचा मास्क्ड एंजल त्याहून मजेदार. माणसांची वस्ती असलेल्या हवाई बेटांजवळ तो क्वचित दिसतो आणि तोही खोल. वायव्येकडच्या निर्जन बेटांजवळ मात्र तो उथळ पाण्यात सहज भेटतो. ती बेटं आता राखीव क्षेत्रात आहेत, तिथून मासा उचलता येत नाही. म्हणजे जिथे आहे तिथे हात लावायचा नाही, आणि जिथे हात लावायची मुभा होती तिथे तो क्वचितच.

बंगाई कार्डिनलकडे परत येतो, कारण त्याची कथा समजली की निम्मा विषय समजतो. इंडोनेशियाच्या सुलावेसीजवळच्या बंगाई द्वीपसमूहात तो मूळचा. त्याचं वर्णन १९३३ मध्ये झालं, मग जवळजवळ साठ वर्षं त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही आणि १९९४ मध्ये तो नव्याने जगासमोर आला. त्यानंतर मत्स्यालयांच्या बाजारात तो असा धावला की २००० सालच्या आसपास वर्षाला लाखोंनी पकडला जात होता. मग असं काय आहे की लाखोंनी असलेला मासा संकटात यावा?

उत्तर त्याच्या बाळंतपणात आहे. बहुतेक प्रवाळमासे अंडी किंवा पिल्लं पाण्यात सोडून देतात. ती सूक्ष्म पिल्लं आठवडेच्या आठवडे प्रवाहाबरोबर तरंगतात आणि दूरच्या खडकावर उतरतात. एक खडक ओस पडला तर दुसरीकडून भरपाई होते. बंगाईचा नर अंडी तोंडात घेऊन बसतो. काही खात नाही. थोडकी, चाळीसेक अंडी, साधारण तीन आठवडे. ती फुटल्यावरही पिल्लं काही दिवस बापाच्या तोंडातच असतात आणि बाहेर पडतात ती पूर्ण घडलेली, त्याच खडकावर, काळ्या समुद्री साळिंदराच्या (सी अर्चिनच्या) काट्यांत लपायला. त्यांचं तरंगणं नाहीच. शेजारच्या खाडीतला समूह संपला तर तो तसाच संपलेला राहतो. त्यात काटेरी साळिंदरं आणि समुद्रफुलंही (सी अ‍ॅनिमोन) लोक गोळा करू लागले, म्हणजे मासा गेला आणि त्याचं घरही गेलं.

जी सवय त्याला समुद्रात दुबळं करते, तीच त्याला टाकीत सोपं करते. तरंगणारी, डोळ्यांना न दिसणारी पिल्लं जगवणं हे समुद्री मासे वाढवण्यातलं सर्वांत अवघड काम. बंगाईत तो टप्पाच नाही. एखादी चांगली जोडी आणि थोडी शिस्त असली की घरच्या टाकीतही पिल्लं होतात. म्हणून तो स्वस्त आणि संकटग्रस्त, दोन्ही एकाच कारणाने. त्यावर कडी म्हणजे व्यापाराच्या वाटेवर सुटलेले बंगाई सुलावेसीच्याच लेम्बेह सामुद्रधुनीत आणि बालीच्या किनाऱ्यावर रुजले आहेत. तिथे ते उपरे आहेत आणि चिकार आहेत. तुम्ही पाळत असाल तर दुकानात एकच विचारा: समुद्रातला की टाकीत वाढवलेला? दुकानदाराने टाळाटाळ केली तर उत्तर मिळालंच म्हणायचं.

इथवर मासे झाले. प्रवाळांचा मामला वेगळा, आणि खरं सांगायचं तर मला तोच जास्त आवडतो.

प्रवाळाची एक वसाहत म्हणजे एकाच पिल्लातून वाढलेले शेकडो-हजारो पॉलिप. पहिला पॉलिप खडकावर चिकटतो, मग त्यालाच फुटवे येत जातात. सगळ्यांची जनुकं तीच. त्यातली फांदी तोडून दुसरीकडे चिकटवली की तीही वाढते. त्या तुकड्याला हौशी लोक फ्रॅग म्हणतात. मराठीत याला नेमका शब्द आहे, कोकणातलं कुणीही सांगेल: कलम.

आता आंब्याकडे बघा. रायवळ बाठीतून उगवतो, म्हणून प्रत्येक रायवळ झाड जगात एकटंच. एकाचा आंबा साखरेसारखा, शेजारचा चिंचेसारखा आंबट. तरी रायवळ टोपलीने, स्वस्तात जातो. हापूस कलमाचा. रत्नागिरी-देवगडच्या बागांतली लाखो झाडं म्हणजे एकाच वाणाची कलमं. नाव हापूसला, भाव हापूसला. जनुकांच्या हिशेबात अनोखा कोण, तर रायवळ.

रीफ टँकमधले नावाजलेले प्रवाळ हे सगळे हापूस आहेत. 'वॉल्ट डिस्ने', 'होमरेकर', 'अटर केऑस' अशी नावं या दुनियेत चालतात. यांतलं एकही जातीचं नाव नाही. कुठल्या तरी समुद्रातून आलेल्या एका वसाहतीचा रंग कुणाच्या टाकीत खुलला, त्याने किंवा विक्रेत्याने तिचं बारसं केलं आणि तिची कलमं निघू लागली. 'जगात एकमेव' म्हणून ती विकली जातात. पण समुद्रात पिल्लातून वाढलेली प्रत्येकच वसाहत जगात एकमेव असते. शेजारच्या ट्रेमधला बिननावाचा तपकिरी तुकडासुद्धा. फरक असलाच तर उलटा आहे: नावाजलेल्या प्रवाळाच्या प्रती शेकडो टाक्यांत आहेत, तपकिरी बिचारा खरोखर एकटा. आणि त्या शेकडो प्रती जनुकांच्या वहीत एकच जीव म्हणून लिहाव्या लागतील.

मग भाव कशाचा? बराचसा वेगाचा. झोअँथिड म्हणजे रंगीत बटणांसारखे पॉलिप. ते पटापट पसरतात, म्हणून आज एका तोंडाला शेकडो डॉलर घेणारा प्रकार काही वर्षांत ओंजळीने मिळू लागतो. उलट बाउन्स मशरूम, फुगलेल्या फोडांनी भरलेला प्रवाळांचा मऊ नातलग, अतिशय सावकाश वाढतो. त्याचे भाव वर्षानुवर्षं हजारांत टिकले ते या आळसामुळे. विकत घेणाऱ्याने 'किती रेअर?' ऐवजी 'वर्षात किती वाढतो?' असं विचारलं तर पुष्कळ पैसे वाचतील.

उरलेला भाव रंगाचा, आणि रंगावर मी कधीच पैज लावणार नाही. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात, ती तपकिरी. पाण्यात खतद्रव्यं वाढली की शैवालं वाढतात आणि झळाळता प्रवाळ चहाच्या रंगाचा होतो. चमक येते ती प्रवाळाच्या स्वतःच्या प्रथिनांची, निळ्या उजेडात ती पेटतात. म्हणून दुकानातले दिवे निळे आणि फोटो त्याहून निळे. साध्या पांढऱ्या उजेडात तोच तुकडा बघितला की कधीकधी बोलतीच बंद होते. माशांच्या विचित्र रंगांचंही असंच. पापुआ न्यू गिनीत विजेसारखी नागमोडी नक्षी असलेला मरून क्लाउनफिश सापडला, २०१२ मध्ये त्याच्या वंशातली पिल्लं टाकीत झाली आणि नक्षी पुढच्या पिढीत उतरली. एका माशाची अपूर्वाई आता वाण झाली आहे. उलट काही पांढऱ्या डागांचे टँग भरभक्कम किमतीला घेतले जातात आणि चांगल्या खाण्यापिण्यावर हळूहळू साधे दिसू लागतात. मासा बरा झाला, मालक आजारी पडला.

कलमांचा हा हिशेब हौसेपुरताच नाही. कॅरिबियन समुद्रातला स्टॅगहॉर्न, हरणाच्या शिंगांसारखा फांद्यांचा प्रवाळ, एकेकाळी तिथली रानंच्या रानं व्यापून होता. १९७०-८० च्या दशकांत पांढऱ्या पट्ट्याच्या रोगाने तो कोसळला आणि २००६ मध्ये अमेरिकेने त्याला धोक्यातली जाती म्हणून नोंदवलं. तो पसरतो मुख्यतः फांदी मोडून, म्हणजे आपोआप कलमं होऊन. त्यामुळे पाण्याखाली घनदाट बन दिसलं तरी ते सगळं एकच असू शकतं. एकच कलम असेल तर तिथे पिल्लं होणं कठीण, कारण स्वतःच्याच बीजाशी सहसा फळ धरत नाही. आणि एका उन्हाळ्याने एकाला मारलं की सगळ्यांना मारलं. म्हणून फ्लोरिडातल्या प्रवाळ-रोपवाटिका फांद्यांबरोबर वेगवेगळी जनुकं किती आहेत तेही मोजतात. हजार फांद्या आणि तीन जीव, असा हिशेब तिथे रोजचा आहे.

आपल्याकडे या सगळ्याला आणखी एक बाजू आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये २००१ साली सगळे दगडी प्रवाळ घातले गेले, समुद्रपंखे आणि समुद्री घोडेही. वाघाची जी अनुसूची तीच. त्यामुळे आपल्या समुद्रातून प्रवाळाची फांदी उचलणं किंवा विकणं हा गुन्हा, मग ती सुंदर असो वा नसो, विरळ असो वा मुबलक. कायदा ना भाव बघतो ना संख्या. परदेशातले व्हिडिओ बघून 'रेअर पीस' शोधणाऱ्यांनी एवढं आधी माहीत करून घ्यावं.

याचा दाखला मुंबईतच आहे. कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवर प्रवाळांच्या १८ वसाहती आढळल्या. वनखात्याची परवानगी घेऊन २०२० मध्ये त्या उचलल्या आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली कुलाब्याला नेव्ही नगरजवळ नेऊन बसवल्या. यातला एक प्रकार गढूळ पाण्यात तग धरणारा, लहानसा, खडकाला खवल्यासारखा चिकटलेला. हिंदी महासागरापासून पॅसिफिकपर्यंत तो ठिकठिकाणी सापडतो. निळ्या दिव्याखाली ठेवला तरी त्याचा कुणी फोटो काढणार नाही, आणि काढलाच तर त्याला विकायला नाव सुचणार नाही. हाजीअलीच्या कठड्यावरून ओहोटीला खाली बघितलं असतंत, तर तुम्ही त्याला दगडच समजला असतात.